मी सरकवलं नाही, पुसलं

...आणि वर मलाच विचारतात, नुकसान किती झालं ते आकड्यात सांगा. आता तुम्हाला सांगतो, आकड्यात सांगता आलं असतं तर मी फोन कशाला केला असता? पैशाचं नाही हो, पैशाचं नाही, असं मी त्या फोनवरच्या पोरीला अगदी सुरुवातीलाच सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर आहे सर, तर रक्कम किती?" म्हणजे एका कानानं माझं ऐकायचं आणि दुसऱ्या कानात कुणीतरी सारखं कुजबुजतंय की रक्कम विचार, रक्कम विचार. तिचा दोष नाही. दोष कुणाचाच नाही, हेच तर दुखणं आहे. दोष असता तर भांडलो असतो, मला भांडता येतं, चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलंय मी, गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडून वर त्यालाच दुसरी फ्रेम गळ्यात मारलीय.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही रक्कमच विचाराल.

आमची ही चेनच्या कारखान्यात होती. गळ्यातली नव्हे, पर्सची, दप्तराची, जॅकेटची असते ती, दात असलेली. तपासणी खात्यात. म्हणजे काय, तर पट्ट्यावरून चेन येणार, ही ती एकदा वर ओढणार, एकदा खाली ओढणार, अडकली तर या टोपलीत, नाही अडकली तर त्या टोपलीत. लग्नाच्या आधीपासून ते निवृत्त होईपर्यंत बाईनं हेच केलं आणि कधी कंटाळली नाही, कंटाळायची ती माझ्या बोलण्याला. आणि सवय अशी लागलेली की सुटता सुटत नाही. दवाखान्यात बाकावर बसलोय, शेजारच्या बाईच्या मांडीवर पर्स, ही हळूच वाकून चेनचं टोक बघणार, त्या टोकावर कंपनीची बारीकशी खूण असते, आणि मग मला कोपरानं ढोसणार, "आमची आहे." एकदा तर एक गृहस्थ जॅकेट अंगात घालून रांगेत उभे, ही सरळ त्यांच्यासमोर गेली, त्यांची चेन वर ओढली, खाली ओढली आणि म्हणाली, "छान चालतेय." तो माणूस हिच्याकडे न बघता माझ्याकडे बघतोय. मी काय सांगणार? मी म्हटलं, "तपासणी खातं."

तर एके वर्षी ती कंपनी शेअर बाजारात उतरली आणि कामगारांना म्हणाली, तुम्हाला स्वस्तात शेअर देतो, पगारातून थोडे थोडे कापून घेऊ. निम्म्या बायकांनी नाकं मुरडली. मीही म्हटलं, "अगं, कागदाचे कपटे ते, काय करायचेत आपल्याला?" तर ही काय म्हणाली असेल? म्हणाली, "इतकी वर्षं ओढतेय मी ती चेन. थोडीशी माझी नको?" आता यावर काय बोलणार तुम्ही? घेतले तिनं शेअर.

आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक पद्धत पडली. सकाळी चहा झाला की ही कप विसळता विसळता आतून विचारायची, "कशी आहे आमची?" मी पेपर उघडायचो, ते भावांचं पान, मुंगीएवढी अक्षरं, दुकानातलं भिंग मुद्दाम घरी आणून ठेवलेलं, त्यातून शोधायचो आणि सांगायचो, "बरी आहे." कधी म्हणायचो, "चढलीय हो आज." आणि कधी भाव पडलेला असायचा, मग जरा आवाज खाली घेऊन, "उतरलीय गं थोडी." तर ही आतून म्हणायची, "दमली असेल." बस. संपलं. मग मी दुकानात, ती कारखान्यात. तुम्ही याला गुंतवणूक म्हणाल, पण आमच्याकडे ती रोजची विचारपूस होती, घरातल्या तिसऱ्या माणसाची. विकायची गोष्ट कधी निघालीच नाही. काच घासायचं मशीन घ्यायचं होतं तेव्हा मी कर्ज काढलं, पोरीच्या शिक्षणाला हिनं दागिना मोडला, पण शेअर विकूया असं दोघांच्याही तोंडून चुकून निघालं नाही. घरातलं माणूस विकतं का कुणी?

मग ही गेली.

गेली म्हणजे गेली, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, तो आजचा विषय नाही. विषय शेअरचा आहे. तर शेअर माझ्या नावावर आले आणि जावई म्हणाला, "बाबा, आता पेपर कशाला, मी तुमच्या फोनवर सगळं घालून देतो, क्षणाक्षणाला भाव दिसेल." म्हटलं, क्षणाक्षणाला घेऊन मी काय करू, मला दिवसातून एकदा बघायचंय. पण जावई गुणी हो, दोन दिवस खपला, कागद जोडले, शेअरच्या एका दलाल कंपनीला पाठवले, हिची जुनी तारीख आणि हिचा जुना भाव तिथे चढवून घेतला. म्हणजे फोन उघडला, कंपनीच्या नावावर बोट ठेवलं, की खाली एक ओळ यायची. शेअर किती, कधी घेतले, काय भावानं घेतले. ती तारीख म्हणजे हिच्या पगारातून पहिल्यांदा कापले तो दिवस. आणि तो भाव इतका क्षुल्लक, की आज त्या पैशात चष्म्याचा स्क्रूसुद्धा मिळणार नाही. नाव माझं लागलं होतं, पण ती ओळ हिची होती. सगळ्या फोनमध्ये तेवढी एक ओळ हिची.

मग मी रोज सकाळी काय करायचो? चहा करायचो, फोन घ्यायचो, भाव बघायचो आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं सांगायचो, "बरी आहे." मोठ्यानं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला वाटलं माझ्याकडे पाहुणे आलेत. त्यानं मला जिन्यात विचारलंसुद्धा, "कोण आजारी आहे का हो? रोज बरी आहे, बरी आहे ऐकू येतं." म्हटलं, आजारी नाही हो, दमते मधूनमधून.

आता इथे नीट ऐका, कारण सगळा घोळ इथेच आहे. मी चष्मेवाला. माझ्या समोर काच आली आणि ती धूसर असली तर मला पुढचा श्वास घेता येत नाही. आधी पुसणार, मग बघणार. खिशात कायम पिवळं मऊ फडकं. आणि पुसायचं कसं त्याचंही शास्त्र आहे. तुम्ही सगळे काय करता? शर्टाचं टोक घेता आणि गोल गोल, गोल गोल, जसं काही पातेलं घासताय. काच कधी गोल पुसू नये. धुळीचे कण फिरतात, ओरखडे पडतात. काच एका दिशेनं पुसायची, डावीकडून उजवीकडे, न थांबता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकच हात. लोकांना हे सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले.

दुकानात लोक तक्रार घेऊन यायचे ना, "अहो, नंबर चुकवलात तुम्ही, धूसर दिसतं," तेव्हा मी भांडायच्या आधी चष्मा हातात घ्यायचो, एक हात मारायचो, उजेडाकडे धरायचो, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, "सारखं धूसर दिसतं, की कधी कधी?" सारखं दिसत असेल तर नंबर तपासायचा. कधी कधी दिसत असेल तर कधी, ते विचारायचं. एक मास्तर यायचे, त्यांना फक्त मुलाचं पत्र वाचताना धूसर दिसायचं. मी तीनदा काच बदलून दिली त्यांना, शेवटी म्हटलं, मास्तर, काच चांगली आहे, चष्मा काढून एकदा डोळे पुसा बरं. ते हसले. पुन्हा तक्रार घेऊन आले नाहीत. हे मी आपलं जाता जाता सांगितलं, मूळ मुद्दा फोनचा.

तर त्या सकाळी चहा झाला, फोन उघडला, सगळं रूपच पालटलेलं. वर लिहिलेलं, नवे रूप, आता व्यवहार अधिक सोपे. मी म्हटलं, अधिक सोपे कुणाला हवे होते? पूर्वी काही विकायचं म्हटलं तर हे दाबा, ते दाबा, नक्की ना, अगदी नक्की ना, पिन सांगा. आता म्हणे एकच पट्टी, लाल रंगाची, विक्रीसाठी सरकवा. आणि तो पिन वगैरे विचारू नये म्हणून जावयानं माझ्या सोयीसाठी कायमची परवानगी देऊन टाकलेली. तर मी कंपनीच्या नावावर बोट ठेवलं, ती ओळ आली, आणि नेहमीसारखी काच धूसर. रोजच व्हायची, तशीच. मी फडकं काढलं आणि पुसली. डावीकडून उजवीकडे, न थांबता, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

फोन थरथरला. टिंग वाजलं. आणि वरून रंगीत कागदाचे तुकडे पडायला लागले हो, लग्नाच्या मांडवात पडावेत तसे, आणि मधोमध अक्षरं, "अभिनंदन! तुमची विक्री यशस्वी झाली!" मला कळेचना. मी काय विकलं? मी तर दुकानही बंद केलंय. कागदाचे तुकडे पडायचे थांबले आणि खाली एक चित्र आलं, एक रिकामी खोली, तिच्यात एक रिकामी खुर्ची, आणि खाली लिहिलेलं, "तुमच्याकडे सध्या काहीही नाही."

आता मला सांगा, हे वाक्य लिहिणारा माणूस कोण असेल? त्याला घरदार असेल ना? सकाळच्या वेळी एकट्या म्हाताऱ्याला असं सांगतात? आणि त्याच्याखाली हिरव्या अक्षरात, "चला, सुरुवात करूया!" स्वयंपाकघराकडे बघितलं, पण सांगणार काय? कशी आहे आमची? विकली. पुसता पुसता विकली.

मग मदत. मदत म्हणून एक चौकोन असतो, तो दाबला तर तिथे बाईमाणूस नाही, यंत्र, आणि त्या यंत्राचं नाव काय ठेवलंय तर सोबती. "नमस्कार! मी तुमची सोबती. मी तुमच्यासाठी काय करू?" म्हटलं, असं विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती, पण ठीक आहे. मी एका बोटानं सगळं लिहिलं, ही, कारखाना, फडकं, सगळं. सोबती म्हणाली, "मला समजलं! तुम्हाला पासवर्ड बदलायचा आहे." म्हटलं, नाही गं बाई, मी काच पुसत होतो. सोबती म्हणाली, "काच बनवणाऱ्या काही चांगल्या कंपन्या सापडल्या आहेत. आजच खरेदी करायची का?" मी लिहिलं, मला माझे शेअर परत हवेत, पैशाचं नाही. तर म्हणाली, "पैशाविषयीच्या प्रश्नांसाठी इथे दाबा." आणि शेवटी, "आपला संवाद कसा वाटला? तारे द्या." मी एकही तारा दिला नाही. तर विचारते, "मी कुठे कमी पडले?" तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांच्या संसारात हिनं मला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, मीच विचारायचो.

मग फोन. हे हवं असेल तर एक दाबा, ते हवं असेल तर दोन, आणि मध्ये मध्ये एक बाजा वाजतो, तो बाजा ऐकून ऐकून मला आता तो तोंडपाठ झालाय, परवा दाढी करताना गुणगुणत होतो, स्वतःचीच लाज वाटली. अखेर ती पोरगी आली. आवाज गोड, पण पाठ केलेला. "तुमच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत सर." म्हटलं, गैरसोय नाही झाली, घात झाला. आणि मला सर म्हणू नकोस, काका म्हण. "सर, बोलणं रेकॉर्ड होतंय, काका म्हणायला परवानगी नाही." बरं. सांगितलं सगळं. तिनं शांतपणे ऐकलं, मला वाटलं समजलं, आणि म्हणाली, "म्हणजे सर, तुम्ही विक्रीसाठी सरकवलंत."

"सरकवलं नाही. पुसलं."

"सर, आमच्याकडे पुसणं असा प्रकार नाही. सरकवणं आहे."

मी म्हटलं, तुझ्या वरच्याला दे. वरचा आला. घाईतला माणूस, वाक्य संपायच्या आत श्वास घेणारा. म्हणाला, "मी तुमचा व्यवहार तपासला सर, चूक होण्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेक ग्राहकांचं बोट मध्येच उचललं जातं, दोनदा तीनदा करावं लागतं. तुमचं मात्र डावीकडून उजवीकडे, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं व्यवस्थित सरकवलेलं आम्ही फार कमी बघतो." आता काय सांगू, भांडायला बसलो होतो आणि ऊर भरून आला माझा. आयुष्यात माझ्या पुसण्याचं कौतुक कुणी केलं नव्हतं. तोंडातून धन्यवाद निघून गेलं आणि त्यानं फोन ठेवून दिला.

मग जावई म्हणाला, लेखी करा बाबा. लेखी तक्रारीत एक रकाना, नुकसानीची रक्कम. मी खरं ते लिहिलं, शून्य. तर तांबडी ओळ, "शून्य नुकसानीची तक्रार स्वीकारता येत नाही." म्हटलं, रिकामा ठेवतो. "हा रकाना भरणे आवश्यक आहे." अहो, पण पैशाचं नाही ना. पैसे तर आलेत. भरपूर आलेत, कारण हिचा भाव इतका जुना की काय विचारता. ती फोनवाली पोरगीही चक्रावली, "सर, तुम्हाला तर चांगलाच फायदा झालाय. नक्की तक्रार कशाची आहे?" मी म्हटलं, फायदा झालाय हीच तक्रार आहे.

सगळ्यांचं एकच, शेअर परत विकत घ्या. जावई म्हणतो परत घ्या, शिंपी म्हणतो परत घ्या, माझी पोरगी म्हणते, "बाबा, तेवढेच घ्या ना परत, आईला काय कळणारे?" हिला कळणार नाही? हिला, जिला दवाखान्यातल्या बाईच्या पर्सची चेन ओळखू यायची? मी त्या फोनवाल्या पोरीला म्हटलं, मला दुसरे नकोत, तेच आणून दे, ज्यानं घेतले त्याचा नंबर दे, मी त्याच्याशी बोलतो, माणूस असेल तर ऐकेल. ती म्हणाली, "सर, कुणी घेतले ते आम्हालाही दिसत नाही. आणि शेअरला काही ओळख नसते, सगळे सारखेच." सगळे सारखेच. टोपलीतल्या चेनीही सारख्याच दिसतात गं, पण ओढून बघणारीला कळतं.

मग मी बसल्या बसल्या विचार करायचो, कुणी घेतले असतील? असेल कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, समोर चार पडदे, चष्म्याला तेलाचे डाग, सकाळी घेतले आणि दुपारी विकले, दुपारच्यानं आणखी कुणाला. त्याला काय माहीत की हे एका बाईनं पगारातून थोडे थोडे करून घेतलेत? त्याच्या घरी कुणी विचारतं का, कशी आहे आमची? आणि तो सांगतो का, बरी आहे? ज्या हातात गेलेत तिथे निदान एक दिवस तरी राहावेत असं वाटायचं मला. हिला प्रवास सोसायचा नाही.

सकाळी फोन उघडायचो, ती रिकामी खोली, ती रिकामी खुर्ची. तुमच्याकडे सध्या काहीही नाही. किती दिवस वाचणार? शेवटी घेतले. तेवढेच, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आता खरेदीसाठी सरकवायचं, हिरवी पट्टी. आणि काय सांगू, बोटानं सरकवतो तर सरकतच नाही. "अर्धवट सरकवले, पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा केला. पुन्हा अर्धवट. बोट मध्येच उचललं जातं हो माझं. मग खिशातून पिवळं फडकं काढलं, आणि एक हात मारला. टिंग. कागदाचे तुकडे. अभिनंदन. म्हणजे विकलेही फडक्यानं आणि घेतलेही फडक्यानं, बोटाचा काही संबंधच नाही.

कंपनीचं नाव परत आलं. ती ओळही आली. शेअर तेवढेच. पण तारीख आजची, भाव आजचा. नवा माणूस आल्यासारखं वाटलं घरात, चेहरा तोच, पण ओळख दाखवत नाही. मी म्हटलं, बरी आहे. पण हळूच, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं नसेल.

आणि दुसऱ्या दिवशी भाव उतरला. ओळ लाल, म्हणजे तोटा. हिच्या काळात ती ओळ कधीच लाल झाली नव्हती, होऊच शकत नव्हती, हिचा भावच इतका खाली. मी पहिल्यांदा ती लाल बघितली, आणि तुम्हाला खरं सांगतो, आतून अगदी स्पष्ट ऐकू आलं, "दमली असेल." कप विसळल्याचा आवाजसुद्धा आला. उठून बघितलं. नळ गळत होता.

पण त्या लाल ओळीचा एक उपयोग झाला. नुकसान झालं ना, आता रकाना भरता आला. अगदी किरकोळ रक्कम, पण शून्य नाही. तक्रार स्वीकारली गेली. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, जुनी तारीख परत हवी. आणि त्याच दिवशी दलाल कंपनीतल्या पोरीचा फोन, तीच, आवाज ओळखला मी.

"सर, तुमच्या तक्रारीवर निर्णय झालाय. नवी खरेदी आमच्याकडेच झाल्यामुळे तारीख बदलता येणार नाही. आम्ही दिलगीर आहोत."

म्हटलं, ठीक आहे. आता ताकदच राहिली नव्हती हो भांडायची. म्हटलं, तू तुझं काम केलंस, मी माझं केलं. तर ती लगेच फोन ठेवेना. मग आवाज बदलून, पाठ केलेला नाही असा, म्हणाली, "एक विचारू? तुमच्या फोनची काच रोज धूसर का होते?"

म्हटलं, आता ते मला काय माहीत, वाफ असेल, धूळ असेल, स्वस्तातला फोन असेल.

"म्हणजे सारखी असते, की कधी कधी?"

माझाच प्रश्न. आयुष्यभर गिऱ्हाइकांना विचारलेला. आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर... शिंप्याचा नंबर लावताना? नाही होत. पोरीचा फोटो बघताना? लख्ख दिसतो. विजेचं बिल भरताना एकेक आकडा स्पष्ट. धूसर होते ती फक्त चहा झाल्यावर, कंपनीच्या नावावर बोट ठेवलं आणि ती ओळ आली की. तेव्हाच. रोज.

बाजासुद्धा वाजला नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "काका, तक्रार बंद करू?"

म्हटलं, कर.

रेकॉर्ड होत होतं, तरी ‘काका’ म्हणाली हो. तिला कुणी रागावलं नसेल म्हणजे मिळवलं.

तर आता असं आहे. सकाळी चहा होतो. फोन उघडतो. तारीख चुकीची, भाव चुकीचा, कधी लाल, कधी हिरवा, जे असेल ते मोठ्यानं सांगतो, शिंप्याला ऐकू गेलं तर जाऊ दे. धूसर होतं. व्हायचंच. पण फडक्याला आता मी हात लावत नाही, फोन मळका तर मळका. चष्मा काढतो आणि डोळे पुसतो, शर्टाच्या बाहीनं, तुमच्यासारखं गोल गोल.

डोळ्यांचं एक बरं असतं बघा. कसेही पुसा, काही विकलं जात नाही.